तारामंदिराची टेकडी

परदेशप्रवासाचीं वर्णनें आजकाल इतकीं झालीं आहेत कीं, आणखी एक लिहावयास घेतांना मनास संकोच वाटतो. ज्या घरचा मुलगा वा मुलगी अमेरिकेंत नाहीं असें घर आपल्या ओळखींत आतां शोधावें लागतें; आणि तेथें सहा महिने राहून आलेल्या प्रत्येक आईबापानें नायगाराचा धबधबा व न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता पाहिलेली असते. त्यांविषयीं मला कांहींच सांगावयाचें नाहीं. मला सांगावयाचें आहे तें एका लहानशा टेकडीविषयीं. आणि त्या टेकडीवर एका रात्रींत माझ्या अडतीस वर्षांच्या शिक्षकीचा जो हिशेब मला नव्यानें मांडावा लागला, त्याविषयीं.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत वडिलांपाशीं व पुढें पाठशाळेंत शिकलों, आणि शिक्षकाची सनद घेऊन कोंकणांतील शाळांतून मराठी, संस्कृत व प्रसंगीं भूगोलहि शिकविला. सत्तावीस नक्षत्रांचीं नांवें मुलांकडून खड्या सुरांत म्हणवून घेणें हा माझा आवडता पाठ होता. अश्विनीपासून रेवतीपर्यंत एकहि मूल अडखळतां कामा नये, असा माझा दंडक असे. परंतु आज वाचकांपाशीं खरें सांगावयाचें तर, त्या सत्तावीसांपैकीं आकाशांत बोट दाखवून ओळखतां येतील अशीं नक्षत्रें मला स्वतःला पांचसहाच ठाऊक होतीं. एखाद्या मुलानें विचारलेंच, तर "पुढें मोठेपणीं कळेल" असें उत्तर मी देत असें. त्या उत्तरांतील लबाडी त्या वेळीं माझ्या ध्यानांत आली नव्हती.

मागें एका उन्हाळ्यांत आम्ही उभयतां बॉस्टनजवळ चिरंजीवांकडे गेलों, तेव्हां त्या घरांत एक लहानसा वाद चालू होता. नातू तेरा वर्षांचा. त्याला गांवच्या ग्रंथालयांतील एका हौशी मंडळीच्या नादानें दूरबिणीचा आरसा स्वतःच्या हातानें घांसावयाचा होता. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, सुटीचे दिवस गणिताच्या जादा वर्गासाठीं आहेत, कांचा घांसण्यासाठीं नव्हेत. सूनबाई मध्यें पडून थकल्या होत्या. शेवटीं चिरंजीव मला म्हणाले, "अण्णा, आतां तुम्हीच त्याला समजावून सांगा. तुमचें तो ऐकेल. बाजारांत तयार दूरबीण मिळते, ती आणून देतों म्हटलें तरी ऐकत नाहीं. निव्वळ व्यसन लागलें आहे."

शिक्षकास निवाडा करावयास बोलाविलें कीं त्याला निवृत्तीचा विसर पडतो. मीं ती कामगिरी पत्करली, आणि मनांत निकालहि ठरविला: वर्ग आधीं, छंद मागाहून. परंतु नातवानें एकच मागणी घातली. "आजोबा, आधीं तुम्ही एकदां टेकडीवर या. मग तुम्ही सांगाल तें मी ऐकेन." वादी-प्रतिवादींचें म्हणणें ऐकल्याखेरीज निकाल देऊं नये, हें मला मान्य होतें. म्हणून श्रावणांतील पहिल्या शनिवारीं सकाळीं आम्ही पांचहि जण चिरंजीवांच्या मोटारींतून निघालों. आमच्या सौभाग्यवतींनीं बरोबर दशम्या, मेतकूट व लिंबाचें लोणचें घेतलें होतें. स्वतः त्यांचें शनिवारचें एकभुक्त होतें.

बॉस्टनपासून शंभरावर मैल वायव्येस गेलें म्हणजे व्हर्मॉंट संस्थानांत स्प्रिंगफील्ड नांवाचें एक जुनें कारखान्यांचें गांव लागतें. गांवाबाहेर ब्रीझी हिल म्हणून टेकडी आहे. उंची बारातेराशें फूट. सिंहगड चढलेल्या माणसानें तिला डोंगर म्हणावें कीं नाहीं हा प्रश्नच आहे; पण भोंवतालच्या हिरव्या डोंगररांगांत ती अशी कांहीं निवांत बसलेली आहे कीं, वर पोहोंचतांच आवाज आपोआप खालीं येतो. गवताळ माळ, कडेला मेपल व देवदाराच्या जातीचीं झाडें, माथ्यावर उघडा कातळ. आणि त्या कातळालगत एक लहानसें गुलाबी रंगाचें लांकडी घर. हेंच "स्टेलाफेन". ह्या नांवाचा अर्थ तारामंदिर. घराच्या दर्शनी त्रिकोणी भागावर बायबलांतील एका स्तोत्रांतलें आकाशमहिम्याचें वचन अक्षरांनीं मांडलें आहे. मंदिरांत मूर्ति नाहीं; आंत फळे, जुनीं चित्रें व दूरबिणीचे सुटे भाग आहेत.

ह्या स्थानाची कथा मोठी उद्बोधक आहे. रसेल पोर्टर नांवाचे गृहस्थ ह्याच गांवीं १८७१ सालीं जन्मले. शिक्षणानें ते वास्तुशास्त्राचे, हातानें चित्रकार, आणि तरुणपणीं उत्तर ध्रुवाकडील अनेक मोहिमांत नकाशे काढणारे म्हणून गेलेले. पुढें १९१९ सालीं जेम्स हार्टनेस ह्या कारखानदारानें त्यांना स्प्रिंगफील्डला बोलावून घेतलें. हे हार्टनेस स्वतः आकाशनिरीक्षणाचे वेडे होते, आणि नंतर व्हर्मॉंटचे गव्हर्नरहि झाले. त्यांचा कारखाना यंत्रें बनविणारीं यंत्रें तयार करणारा. तेथील कामगारांचे हात सुताइतका फरक ओळखणारे. १९२० सालीं पोर्टर यांनीं त्या कामगारांसाठीं दूरबीण बनविण्याचा वर्ग काढला. वर्गास पंधरा पुरुष व एक स्त्री आली. त्यांत कोणी ज्योतिषी नव्हता, कोणी प्राध्यापक नव्हता. दिवसभर लेथवर उभें राहावयाचें आणि संध्याकाळीं कांच घांसावयाची, असा त्यांचा क्रम. १९२३ सालीं त्यांची मंडळी रीतसर स्थापन झाली, आणि लौकरच ह्या टेकडीवर त्यांनीं स्वतःच्या हातांनीं हें घर उभारलें.

१९२५ सालीं एका प्रसिद्ध विज्ञानविषयक मासिकानें त्यांची हकीकत छापली, आणि देशभरांतून पत्रांचा पाऊस पडला: "आम्हांलाहि शिकवा." १९२६ च्या जुलैंत पहिला मेळावा भरला, त्यास वीसेक माणसें आलीं होतीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत व २०२०-२१ च्या साथींत पडलेला खंड सोडला, तर तेव्हांपासून बहुधा दर वर्षीं, जुलै-ऑगस्टांतील अमावास्येच्या सुमारास, हौशी दूरबीणकार येथें तंबू ठोकून राहतात. आतां ही संख्या कित्येक शेंकड्यांवर गेली आहे. स्वतः पोर्टर १९२८ सालीं कॅलिफोर्नियास गेले, आणि पालोमार पर्वतावरील दोनशें इंची दूरबिणीच्या कामांत त्यांच्या कुंचल्यानें व अनुभवानें मोठा हातभार लावला. ती दूरबीण १९४८ सालीं लोकार्पण झाली, आणि पुढच्याच वर्षीं पोर्टर वारले. एवढी मोठी दूरबीण घडविणाऱ्यांत ज्यांचा हात होता, ते आधीं कामगारांचे गुरुजी होते, हें वाचून माझ्यासारख्या गुरुजीची छाती उगाचच फुगली.

दुपारीं आम्ही माळावर हिंडलों. सगळीकडे तंबू, आणि प्रत्येक तंबूपुढें कापडाखालीं झांकलेली एक दूरबीण. कोणाची पितळेची, चकचकीत; कोणाची जुन्या जलवाहिनीच्या नळीची; कोणाची तर चक्क पुठ्ठ्याची. गुलाबी घरासमोर स्पर्धेसाठीं आणलेल्या दूरबिणी ओळीनें मांडल्या होत्या, आणि परीक्षक वांकून वांकून जोडकाम पाहत होते. हें झालें कारागिरीचें परीक्षण. आरशाची परीक्षा रात्रीं ताऱ्यांवरच व्हावयाची. जवळच १९३० सालीं पोर्टर यांनीं बांधलेली घुमटीची दूरबीण आहे. तिची योजना अशी कीं, पाहणारा आंत उबेंत बसतो, आणि आरसा मात्र बाहेर बर्फांत राहतो. व्हर्मॉंटचा हिंवाळा ज्यानें ऐकला आहे, त्याला ह्या योजनेचें मर्म सांगावयास नको.

एका मांडवांत आरसा घांसण्याचें प्रात्यक्षिक चाललें होतें. तेथें आमच्या सौभाग्यवती थबकल्या, त्या हलेचनात. एका उभ्या पिंपावर सारख्या आकाराच्या दोन जाड, वाटोळ्या कांचा एकावर एक. मध्यें पाणी व कुरुंदासारखी कठीण भुकटी. एक वृद्ध गृहस्थ वरची कांच दोन्ही हातांनीं पुढेंमागें सरकवीत होते; दर कांहीं फेऱ्यांनंतर ती थोडी फिरवीत, आणि स्वतः पिंपाभोंवतीं एक पाऊल सरकत. घर्र घर्र असा संथ आवाज. "अहो, हें तर चंदन उगाळणें झालें!" सौ. म्हणाल्या.

उपमा अगदीं बरोबर होती, आणि ती पुढेंहि चालविण्यासारखी आहे. आपल्या देवघरांतील सहाण पाहा. माझी आहे ती आजोबांच्या वेळची. तिच्या मध्यभागीं खळगा पडला आहे, कारण चंदनाचें खोड लहान व सहाण मोठी, आणि घांसणें नेहमीं मध्यावर. येथें दोन्ही कांचा सारख्याच रुंद. वरची पुढें सरकली कीं तिचा मध्य खालचीच्या कांठावर दाबला जातो. म्हणून वरचीचा मध्य झिजतो आणि खालचीचा कांठ. वरचीला वाटीसारखी खोली येते, खालचीला फुगवटा. कोणतेंहि यंत्र नाहीं, सांचा नाहीं. केवळ घांसण्याच्या रीतीनें गोलाकार आपोआप साधतो. नातवाला घडवावयाचा होता तसा सहा इंची आरसा, चार फूट अंतरावर प्रतिमा जुळविणारा, मध्यें जेमतेम सव्वा मिलिमीटर खोल असतो. जाड भुकटीकडून बारीक भुकटीकडे जात कांच धुरकट, मग दुधाळ होते. शेवटीं राळेच्या थरावर सूक्ष्म चूर्णानें तिला झिलई देतात. मग ती गोलाई किंचित् बदलून तिला परवलयाचा आकार द्यावयाचा, आणि सर्वांच्या शेवटीं वर ॲल्युमिनियमचा अति पातळ मुलामा. असा आरसा आपल्या उघड्या डोळ्याच्या सुमारें साडेचारशें पट प्रकाश गोळा करतो.

चिरंजीव आतांपर्यंत हातांची घडी घालून उभे होते. त्यांनीं विचारलें, "आकार बरोबर झाला हें समजतें कसें?" त्या वृद्धानें त्यांना मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत नेलें. तेथें एक दिवा, त्यापुढें बारीक फट, आणि दाढीचें एक साधें पातें. लेओं फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५८ च्या सुमारास शोधून काढलेली ही कसोटी. आरशावरून परत येणारा प्रकाश जेथें एकवटतो, तेथें पातें हलकेंच आडवें सरकवावयाचें. मग आरशाच्या पृष्ठावरील उंचसखलपणा छायेच्या रूपानें असा दिसतो, जसा मावळतीच्या उन्हांत शेताचा चढउतार दिसावा. आरशावर नुसतें बोट टेंकलें तरी त्याच्या उबेनें कांच फुगून आलेलें टेंगूळ दिसतें! चांगल्या आरशांतील चूक प्रकाशाच्या एका लहरीच्या चतुर्थांशाहून अधिक असूं नये, असा दंडक आहे. म्हणजे केंसाच्या जाडीचा सुमारें पांचशेंवा भाग. चिरंजीव अभियंते आहेत. त्यांनीं मनांत आकडेमोड केली, आणि पुन्हां विचारलें, "आणि हें सगळें हातानें?" वृद्ध हंसून म्हणाला कीं, होय, हातानें, माझा पहिला आरसा दोनदां बिघडला. त्यानंतर चिरंजीव पाऊण तास त्या कोपऱ्यांतून बाहेर आले नाहींत.

सूर्य मावळला. टेकडीवरचा नियम असा कीं, रात्रीं पांढरा दिवा लावावयाचा नाहीं. लागलाच तर मंद तांबडा. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना अर्धा तास लागतो, आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती कमाई क्षणांत घालविते. शेंकडों माणसें, पण गोंगाट नाहीं. अंधारांत कोणाची तरी सावली, तांबडा ठिपका, आणि "या, पाहा" असें हलक्या आवाजांतलें बोलावणें. ज्यानें वर्ष वर्ष खपून दूरबीण केली, तो स्वतः बाजूस उभा राहून अनोळखी माणसास आधीं डोळा लावूं देतो, हें मला फार विशेष वाटलें.

अमावास्या होऊन तीनच दिवस झाले होते, चंद्राची कोर केव्हांच मावळली होती, आणि मीं वर पाहिलें. वाचकहो, आकाशगंगा हा शब्द मीं शेंकडों वेळां फळ्यावर लिहिला होता. त्या रात्रीं ती क्षितिजापासून क्षितिजापर्यंत वाहत होती. माथ्यावर अभिजित, दक्षिणेकडे कांहींसा खालीं श्रवण; ज्याच्या नांवानें हा महिना ओळखला जातो, तो श्रवण तारा मीं वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं नातवाच्या बोटाच्या धोरणानें ओळखला! आमच्या कोंकणांत ध्रुव क्षितिजापासून सतराअठरा अंशांवर, बहुधा धुरकटीत. येथें तो त्रेचाळीस अंशांवर, कारण ध्रुवाची उंची म्हणजेच त्या स्थळाचे अक्षांश. सप्तर्षि येथें कधींच मावळत नाहींत. एका दूरबिणींतून वसिष्ठ पाहिला. लग्नांत वधूवरांना वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवितात, ती तर साध्या डोळ्यांनीं दिसते. पण दूरबिणींत वसिष्ठ स्वतःच दोन तारे आहेत. किती लग्नांत मीं मंगलाष्टकें म्हटलीं असतील, पण हें मला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि मींहि कधीं विचारलें नव्हतें.

पुढें एका पुठ्ठ्याच्या दूरबिणीपाशीं आलों. इमारतीच्या खांबांत काँक्रीट ओतण्यासाठीं जी जाड पुठ्ठ्याची नळी वापरतात, ती. आणि खालीं साधी प्लायवूडची पेटी, तिच्यावर ती तोफेसारखी फिरते. ही रचना जॉन डॉब्सन यांची. हे गृहस्थ १९४४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठांत, म्हणजे रामकृष्णसंप्रदायाच्या आश्रमांत, ब्रह्मचारी म्हणून दाखल झाले. हातीं पैसा नाहीं, म्हणून जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ कांचा घांसून त्यांनीं आरसे केले, आणि रात्रीं रस्त्यावर उभें राहून येणाऱ्या-जाणाऱ्यास चंद्र दाखविला. ह्याच नादांत १९६७ सालीं त्यांचा मठ सुटला; पण त्यांची पेटी आज जगभर हौशी लोकांच्या अंगणांत आहे. २०१४ सालीं ते वारले. वेदान्ताच्या पाठशाळेंतून असा विद्यार्थी निघावा, ह्याचें मला नवल वाटलें आणि आनंदहि.

परंतु त्या पुठ्ठ्याच्या नळीपुढें मला आणखी कांहीं आठवलें, आणि तें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. सातवीच्या वर्गांत एका मुलानें जुन्या कॅलेंडरांचे कागद गुंडाळून केलेली नळी आणली होती. एका टोंकाला आजोबांच्या चष्म्याची कांच, दुसऱ्या टोंकाला लहानसें भिंग. "गुरुजी, चंद्रावर खड्डे दिसतात," तो म्हणाला. शिष्यवृत्तीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मीं ती नळी त्याच्या हातून घेऊन कपाटांत ठेवली, आणि सांगितलें, "परीक्षा झाल्यावर घेऊन जा." परीक्षा झाली, सुटी लागली, पावसाळा आला. कपाट उघडलें तेव्हां नळीला बुरशी येऊन ती फुगून उकलली होती. त्या मुलाला शिष्यवृत्ति मिळाली. तें मी माझें यश समजलों. त्यानें नळी परत मागितली नाहीं. मींहि तो विषय काढला नाहीं.

ही गोष्ट मीं तेथें अंधारांत चिरंजीवांना सांगितली. वाटलें, ते म्हणतील, "जाऊं द्या, अण्णा." ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी त्याच वर्गांत होतों, अण्णा. ती नळी मीं पाहिली होती. त्या दिवसानंतर वर्गांत कोणींच कांहीं आणलें नाहीं. माझ्यापाशीं एका मोडक्या रेडिओचे सुटे भाग होते, तुम्हांला दाखवावयाचे होते. ते मग मीं माळ्यावर ठेवून दिले."

मुलाच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर बरें झालें असतें. मी अडतीस वर्षें मुलांना शिकविलें, आणि माझ्या स्वतःच्या मुलानें माझ्यापासून काय शिकावें, तर आवडती वस्तु वडिलांस दाखवूं नये! अंधार होता म्हणून बरें. थोड्या वेळानें चिरंजीवांनींच माझा हात धरून मला पुढच्या दूरबिणीकडे नेलें.

रात्रीं अकराच्या सुमारास आग्नेयेकडे शनि बराच वर आला. चिरंजीवांची रास कुंभ, साडेसाती चालू. म्हणून सौभाग्यवतींनीं घरीं सकाळींच मारुतीला तेल वाहिलें होतें. त्याच शनिवारीं, त्याच शनीला त्यांनीं डोळा लावला. बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. मग नातवास म्हणाल्या, "अरे, ह्याला खरोखरच कडें आहे रे!" पुन्हां पाहिलें. मग त्या दूरबिणीच्या मालकास, एका निवृत्त बसचालकास, नातवाकरवीं विचारलें, "हें तुम्ही स्वतः केलें?" तो होय म्हणतांच त्यांनीं नळीला हात लावून तो हात कपाळास लावला. सांगावयास हरकत नाहीं कीं, त्यांनीं त्यानंतरहि शनिवार सोडलेला नाहीं. मात्र शनीचें नांव घेतांना पूर्वींची ती भीति आतां स्वरांत नसते. ओळखीच्या माणसाचें नांव घ्यावें तसें घेतात.

परततांना मोटारींत कोणी निवाडा मागितला नाहीं, आणि मीं तो दिलाहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनींच ठरविलें: गणिताचा वर्ग आठवड्यांतून दोन दिवस, कांच चार दिवस. सूनबाईंनीं मोटारीच्या खोलींत एक जुनें पिंप उभें करून दिलें. परवलय म्हणजे काय, त्याचें समीकरण काय, हें नातू मग आपण होऊन बापाला विचारूं लागला. आम्ही परत निघेपर्यंत कांच दुधाळ होण्यापर्यंत आली होती. रोज सकाळीं पूजा आटोपल्यावर मीहि पिंपाभोंवतीं दहा फेऱ्या घालीत असें; चंदन उगाळणाऱ्या हाताला ती संवय होतीच.

चिरंजीव ज्याला व्यसन म्हणाले, त्या शब्दाला संस्कृतांत दोन अर्थ आहेत. एक दुर्व्यसनाचा, दुसरा कोणत्याहि गोष्टीच्या अखंड आसक्तीचा, म्हणूनच आपण "विद्याव्यसनी" म्हणतों तें गौरवानें. इंग्रजींत हौशी माणसास जो शब्द आहे, त्याच्याहि मुळाशीं लॅटिनमधील प्रीतिवाचक धातु आहे. पदवीवांचून, वेतनावांचून केवळ प्रीतीनें केलेली विद्या हलकी समजण्याची चूक आपण पांढरपेशा कुटुंबांनीं पुष्कळ काळ केली. वास्तविक आपल्याकडेहि उदाहरण होतें. आमच्या दापोलीकडच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे शिक्षणानें मॅट्रिक व पेशानें शिक्षक. पण १८९६ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा "भारतीय ज्योतिषशास्त्र" हा ग्रंथ आजहि पंडितांस आधारभूत वाटतो. त्यांच्याच मुलखांत मी अडतीस वर्षें नक्षत्रें पाठ करून घेतलीं, आणि एकदांहि मुलांना रात्रीं मैदानावर नेलें नाहीं.

अशी टेकडी पाहावयास अमेरिकेस जावें लागतें असेंहि नाहीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे. पुण्याच्याच आयुका संस्थेंत दूरबीण बनविण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. आणि लडाखांतील हानले येथें २०२२ सालीं अंधाऱ्या आकाशाचें राखीव क्षेत्र जाहीर होऊन, २०२३ पासून तेथें हौशी निरीक्षकांचे मेळावे भरूं लागले आहेत. पण ह्यांतलें कांहींच जवळ नसलें, तरी गच्ची वा अंगण असतेंच. महिन्यांतून एका अमावास्येस घरांतले दिवे घटकाभर मालवावे, आजीआजोबांनीं मुलांस बरोबर घेऊन बसावें, आणि जें नक्षत्र ओळखतां येत नाहीं त्याबद्दल "मला ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं" असें सांगावें. हें उत्तर मी सहासष्टाव्या वर्षीं शिकलों.

आणि कोणा मुलानें कागदाची नळी हातांत घेऊन "चंद्रावर खड्डे दिसतात" असें सांगितलें, तर परीक्षा उद्यां असली तरी, आधीं ती नळी डोळ्याला लावून पाहावी.